जुन्या बाजारात मिळालेलं शिपायाचं मेडल: माणूस कसा शोधायचा, आणि किती खरं मानायचं?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या जुन्या बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या ढिगात त्यांना दोन मेडल्स मिळाली. एक चांदीचं, त्यावर घोडेस्वार. दुसरं काशाचं, त्यावर पंखवाली देवी. दोन्हींच्या कडेवर इंग्रजीत नंबर, 'सिपॉय', एक मराठी नाव आणि '११० मराठा' असं ठसवलेलं आहे. विकणाऱ्याने सांगितलं, हा शिपाई कूटच्या वेढ्यात होता, म्हणून किंमत जास्त. वाचक विचारतात: हे खरं का? हा माणूस कोण, कसं शोधू? मेडल घासून साफ करू का? अशाच नावाच्या वस्तू पुढे जमवायच्या तर काय सांभाळायचं? आणि घरच्यांचा पत्ता लागला तर परत द्यायचं का?

मी बॉम्बे आर्मीच्या पलटणींची मेडल्स बरीच वर्षं जमवतोय. कूटपासून सुरुवात करतो, कारण जास्तीचे पैसे त्याच नावावर घेतले गेले आहेत.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांचा कूट-अल-अमाराला वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या इंग्रजी फौजेचे जनरल टाउनशेंड शरण गेले. आत अडकलेल्या सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. यातला कुठलाही आकडा कडेवर दिसला की विकणाऱ्याच्या तोंडी कूट आलंच. पण मेसोपोटेमियाच्या लढाईसाठी वेगळं मेडल नव्हतं, मेडलच्या रिबनवर बसवायची 'कूट' अशी पट्टीही नव्हती. मग ओळखायचं कसं? एक साधा हिशोब आहे. वेढ्यात असलेला प्रत्येक शिपाई १९१५ संपायच्या आत मेसोपोटेमियात उतरलेला असणार. आणि ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत जो युद्धक्षेत्रात पोचला त्याला '१९१४-१५ स्टार' मिळायचा. म्हणजे कूटच्या शिपायाची मेडल्स तीन हवीत: स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. तुमच्याकडे शेवटची दोनच आहेत. एक तर स्टार वाटेत कुठेतरी हरवला, नाही तर हा माणूस १९१५ नंतर भरती होऊन किंवा कुमक म्हणून गेला. पलटण कैदेत गेल्यावर ती पुन्हा उभी करावी लागली, त्यासाठी नवी भरती झाली, आणि कडेवर आकडा तोच राहिला. ११० च्या सुट्या जोड्या पाहिल्या की मी तरी दुसरी शक्यता आधी धरतो.

स्टार सापडला तरी कूट सिद्ध होत नाही, हेही सांगून ठेवतो. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादजवळ टेसिफोनची लढाई सुरू झाली, तिथले जखमी नदीने खाली बसऱ्याला नेले. असा जखमी शिपाई स्टारचा हक्कदार होता, पण वेढ्यात नव्हता. मेडल इतकंच सांगतं की हा माणूस या पलटणीत, या हुद्द्यावर, या काळात युद्धक्षेत्रात होता. बाकीचं कागदाने सांगायचं असतं. कागद नसेल तर ते सांगायचं नाही, आणि त्याचे पैसेही द्यायचे नाहीत.

आता मेडल हातात घ्या. चांगला उजेड आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

आधी बघा, दोन्ही मेडल्सवरचा नंबर एकच आहे का. विचित्र वाटेल, पण बाजारात नावं जुळवून 'जोडी' केलेली मेडल्स सर्रास असतात. महादू, बाबाजी, सखाराम ही नावं त्या काळी गावोगाव, आणि एकाच पलटणीत एकाच नावाचे अनेक जण. नावं जुळली तरी नंबर वेगळे असतील तर ती दोन माणसं आहेत. आणखी एक: नंबर पलटणीचा असतो, सगळ्या लष्कराचा नाही. ११० मधला २४१७ वेगळा आणि ११७ मधला २४१७ वेगळा. म्हणून शोधताना नंबर, नाव आणि पलटण तिन्ही लागतात.

नावाच्या स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. पलटणीच्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. जाधवचं जादो, पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे झालेलं असतं. पुष्कळदा आडनावच नसतं, फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव. शोध घेताना पाच-सहा स्पेलिंगं आधीच कागदावर लिहून ठेवा आणि एकेक करून टाका.

मराठा पलटणीच्या मेडलवर मुसलमान नाव दिसलं की नवखे लोक 'खोटं आहे' म्हणून सोडून देतात. ते खोटं नाही. या पलटणींत दख्खनी मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा कंपन्या होत्या. सातारा-सोलापूरकडचा शेख किंवा पठाण '१०३ मराठा' मध्ये असणं अगदी सरळ आहे. उलट अशी मेडल्स स्वस्तात सुटतात, कारण घेणाऱ्याला ते माहीत नसतं.

हुद्दा काळजीने वाचा. सिपॉय, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हे ओळखीचे. पण भिश्ती, स्वयंपाकी, खेचरवाला, 'फॉलोअर' असंही सापडतं. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं निघालं ते सुमारे ६५ लाख, आणि काशाचं निघालं सुमारे १ लाख १० हजार. काशाचं मिळालं ते मजूर आणि बिनलढाऊ लोकांना, त्यात चिनी, माल्टी आणि आपले हिंदुस्थानी. चांदी नाही म्हणून भंगारवाला ते बाजूला फेकतो. माझ्या मते मराठी मुलखातल्या संग्राहकाने सगळ्यात आधी हेच शोधावं. लढणाऱ्यांची नावं निदान कुठेतरी लिहिलेली सापडतात, पखाल वाहणाऱ्याचं नाव बहुधा याच कडेवर उरलेलं असतं.

आता खरं-खोटं. तुमच्या दोन्ही मेडल्सचा व्यास ३६ मिलिमीटर असायला हवा. व्हर्निअर कॅलिपर लावा, चार ठिकाणी मोजा. नकली मेडल खऱ्यावरून साचा काढून ओतलेलं असेल तर धातू थंड होताना आक्रसतो आणि व्यास थोडा कमी भरतो. पृष्ठभागावर बारीक पुरळ दिसतं, घोड्याच्या पायाजवळचे बारकावे गोल होतात. मेडल खरं पण नाव खोटं, हा प्रकार याहून वाईट. जुनं नाव कानशीने घासून काढतात आणि जास्त किमतीच्या पलटणीचं नाव घालतात. अशा वेळी व्यास एकाच जागी कमी लागतो, किंवा कड अंगठ्याला सपाट न लागता किंचित खोलगट लागते. भिंगाखाली जुन्या अक्षरांच्या सावल्याही कधी कधी दिसतात.

पहिल्या महायुद्धाच्या मेडल्सवर नाव ठशाने उमटवलेलं असतं. ठशाचं अक्षर तळाशी सपाट आणि सरळ असतं. सुईने किंवा छिन्नीने कोरलेल्या अक्षरात धातू खरवडल्याच्या रेघा दिसतात. मात्र हा नियम मागच्या शतकाला लावू नका. १८७८-८० चं अफगाणिस्तान मेडल किंवा १८९५ चं इंडिया मेडल हिंदी शिपायाचं असेल तर त्यावर नाव बहुतेकदा वळणदार तिरक्या अक्षरात कोरलेलं असतं, आणि ते अस्सल असतं. भारतीय पलटणींच्या नावांची धाटणी ब्रिटिश पलटणींपेक्षा वेगळी दिसते. डोळा बसायला खात्रीची मेडल्स शंभरदा बघावी लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. लंडनच्या स्पिंक आणि नूनन्स या लिलाव कंपन्यांचे जुने कॅटलॉग ऑनलाइन फुकट बघता येतात. विकत काही न घेता त्यातली भारतीय पलटणींची पानं चाळत बसा.

माणूस शोधण्याकडे वळू. इथे पहिला प्रश्न एकच: तो युद्धात वारला की परत आला?

वारला असेल तर काम तुलनेने सोपं आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी ऑनलाइन आहे. त्यात नंबर टाका, पलटण टाका, नाव शेवटी टाका. मेसोपोटेमियात वारलेल्या आणि थडगं नसलेल्या शिपायांची नोंद बसरा स्मारकावर होते. त्या स्मारकाच्या दगडावर ब्रिटिश जवानांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांचा फक्त पलटणवार आकडा कोरला गेला. नावं कागदी यादीत राहिली, आणि ती आता ऑनलाइन नोंदीत मिळतात. नोंद चांगली असेल तर त्यात बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. गावाचं नावही त्याच कारकुनाच्या कानाचं, तेव्हा जुना तालुक्याचा नकाशा जवळ ठेवा. रत्नागिरी जिल्हा तेव्हा आजच्या सिंधुदुर्गासकट होता, सातारा जिल्हा आजच्या सांगलीच्या बऱ्याच भागासकट. सावंतवाडी, कोल्हापूर ही संस्थानं वेगळी लिहिली जायची.

परत आला असेल तर मात्र घाम गाळावा लागतो. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाची सेवापुस्तिका हाती लागेल ही आशा धरू नका. लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मेडल इंडेक्स कार्ड्स आहेत, त्यात काही हिंदी नावंही आहेत, पण कार्डावर जे असतं ते कडेवरचंच: नंबर, हुद्दा, पलटण. गाव नाही. तिथेच पलटणींच्या युद्ध-रोजनिशा आहेत. त्यात गोऱ्या साहेबाचं नाव येतं, सुभेदाराचं क्वचित येतं, शिपाई येतो तो 'चार ठार, अकरा जखमी' यात. तरी वाचा. तुमचा माणूस ज्या महिन्यात तिथे होता त्या महिन्यात पलटण काय करत होती ते कळतं, आणि विकणाऱ्याची गोष्ट तिथल्या तिथे तपासता येते. जमादार-सुभेदार असेल तर छापील इंडियन आर्मी लिस्ट बघा, त्यात नाव आणि बढतीची तारीख असते. शौर्यपदक असेल, म्हणजे इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट किंवा १९०७ पासूनचं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, तर त्याची घोषणा गॅझेटमध्ये झालेली असते. कैदेत गेलेल्यांसाठी जिनिव्हाच्या रेड क्रॉसने १९१४-१८ च्या युद्धकैद्यांचे कागद ऑनलाइन ठेवले आहेत. शोध किचकट आहे, पण फुकट आहे.

पंजाबच्या शिपायांच्या नोंदवह्या लाहोर संग्रहालयात निघाल्या, सव्वातीन लाखांच्या आसपास माणसं गाववार, आणि २०२१ पासून त्या ऑनलाइन यायला लागल्या. ते वाचून आपल्याकडचे लोक हुरळून मला विचारतात. त्या पंजाबच्या आहेत. राजापूरच्या सखारामला त्यांचा उपयोग नाही.

आपल्याकडे दुसरी एक गोष्ट आहे, ती म्हणजे गावातली पाटी. कोकणात आणि साताऱ्याकडे कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली दिसते: १९१४-१९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पाटीवर नावं सहसा नसतात, आकडेच असतात. तरी पाटी असलेल्या गावात विचारलं तर अजून कुणीतरी सांगतं, कोणत्या घरातून कोण गेलं होतं. घरात जंगी इनामाची सनद, पेन्शनचं बुक, डिस्चार्जचा कागद, फेट्यातला फोटो यातलं एखादं सापडतं, आणि मग मेडलवरच्या नंबराला माणूस जोडता येतो. १९२२ ला जुन्या पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली: १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. ११४ ची प्रशिक्षण बटालियन झाली. घरचे 'आजोबा तिसऱ्या मराठ्यात होते' म्हणतात तेव्हा ते हेच ११० सांगत असतात. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे, तिथे संग्रहालयही आहे. रीतसर पत्र पाठवून विचारता येतं. पत्रात मेडलच्या कडेचा फोटो असावा आणि प्रश्न एकच असावा.

एकाच माणसाच्या मेडल्सची फाटाफूट का होते हेही समजून घ्या. ब्रिटिश वॉर मेडलमध्ये साधारण एक औंस चांदी असते. दुष्काळ, लग्न, दवाखाना, काहीही आलं की ते सोनाराकडे जायचं. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव जगभर कडाडला तेव्हा इंग्लंडमध्येसुद्धा ही मेडल्स ढिगाने वितळली. व्हिक्टरी मेडल काशाचं, त्याला कोण विचारतं? म्हणून ते घरात राहिलं. माझ्याकडे कोकणातलं एक व्हिक्टरी मेडल आहे, त्याचं वरचं मूळ कडं काढून तिथे पितळी नळी डागली आहे, काळ्या पोतीत ओवता येईल अशी. देवीचं नाक-डोळे झिजून सपाट झालेत, कडेवरचं नाव मात्र वाचता येतं. बाजाराच्या भाषेत हे 'खराब' मेडल. मी ते कुठल्याही किमतीला विकणार नाही, आणि तुम्हालाही असं काही मिळालं तर नळी काढून 'मूळ रूपात' आणायच्या भानगडीत पडू नका. ती नळीदेखील त्याच घराची आहे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती मृत सैनिकाच्या घरी पाठवलेली स्मृतिपट्टिका. काशाची गोल थाळीच, व्यास सुमारे १२ सेंटिमीटर. ब्रिटानिया हातात माळ घेऊन उभी, पायाशी सिंह, कडेने इंग्रजीत 'तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला' अशा अर्थाची ओळ. उजवीकडे एका चौकटीत नाव. हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही. कर्नल असो की भिश्ती, मरणात सगळे सारखे म्हणून हुद्दा मुद्दाम गाळला. तत्त्व चांगलं, पण शोधणाऱ्याची पंचाईत. 'बाबाजी सावंत' एवढ्याच नावावर कोकणात किती जण निघतील! म्हणून पट्टिका एकटी घेताना सोबत काय होतं ते खोदून विचारा: पाकीट, सनद, त्याच घरातलं मेडल. तपासणी सोपी आहे. नाव थाळीबरोबरच ओतलेलं असतं, त्यामुळे अक्षरं उठावाची असतात. अक्षरं आत कोरलेली असली, किंवा चौकटीतली पार्श्वभूमी बाकीच्या थाळीपेक्षा खोल आणि गुळगुळीत दिसली, तर कुणीतरी नाव बदललं आहे. दुर्मिळ नाव असलेली पट्टिका मात्र सोन्यासारखी, कारण यादीत त्या नावाचा एकच माणूस निघतो आणि शोध तिथेच संपतो.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल एक फायद्याची गोष्ट. ब्रिटिश सैनिकांना त्या युद्धाचे स्टार आणि मेडल्स नावाशिवाय मिळाले. हिंदी सैनिकांना मात्र नाव घालून मिळाले. त्यामुळे पूर्व आफ्रिकेत केरेनला लढलेल्या मराठ्याचा आफ्रिका स्टार किंवा इटलीत लढलेल्याचा इटली स्टार अजून त्या माणसापर्यंत नेता येतो. इटलीतच नाईक यशवंत घाडगे (जुलै १९४४) आणि शिपाई नामदेव जाधव (एप्रिल १९४५) या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यामुळे इटलीची मराठा मेडल्स विकणारे 'घाडग्यांच्याच कंपनीतला' असं सहज जोडून देतात. त्यांच्या बटालियन वेगळ्या होत्या, घाडगे ३/५ मधले, म्हणजे पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनमधले, आणि जाधव १/५ मधले, म्हणजे पहिल्या. कडेवर बटालियनचा आकडा असेल तर तो बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. पुन्हा जुन्या पलटणींकडे वळायचं तर, ११४ आणि ११६ च्या बाबतीत १९१८ पासूनच्या जनरल सर्व्हिस मेडलवर 'इराक' किंवा 'कुर्दिस्तान' अशा पट्ट्या येतात. तिथे पट्टी स्वतःच बरंच सांगते. १९१७ ला उभारलेल्या आणि १९२१ ला मोडलेल्या १११ महार पलटणीची मेडल्स कमीच आहेत आणि मागणी मोठी, म्हणून तिथे नाव खोडून नवं घातलेलं आहे का हे दुप्पट तपासा.

कोरेगाव, खडकी, असई या नावांच्या पट्ट्या असलेलं 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' कुणी दाखवलं तर हात खिशात ठेवा. हे मेडल मंजूर झालं १८५१ ला, आणि तोवर जिवंत असलेल्यांनाच मिळालं. असईची लढाई १८०३ ची, कोरेगावची १८१८ ची. त्यानंतर तेहेतीस ते अठ्ठेचाळीस वर्षं जगून, अर्ज करून मेडल मिळवलेले शिपाई किती असतील ते तुम्हीच धरा. बाजारात दिसतात त्यातली बहुतेक नकला आहेत. आणि पेशव्यांच्या किंवा शिंद्यांच्या जुन्या फौजेतल्या शिपायाचं 'मेडल' हा प्रकारच नव्हता. आपल्याकडे बहुमान व्हायचा तो सोन्याचं कडं, वस्त्रं, इनाम जमीन यांनी, आणि त्याचा पुरावा मोडी कागदात.

तलवारींचंही तसंच. 'सरदारांच्या घराण्यातली' म्हणून धोप, पट्टा, फिरंग विकायला येतात आणि घराण्याचं नाव दर गिऱ्हाइकाला बदलतं. तलवारीवर नाव कोरलेलं असणं विरळा. एप्रिल २०२५ ला लंडनच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने ४७ लाखांहून जास्त रुपये देऊन नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार घेतली, ती इतकी चर्चेत आली याचं मोठं कारण पात्यावर देवनागरीत त्यांचं नाव आणि 'सेनासाहेबसुभा' हा किताब आहे. नाव नसेल तर ती चांगली जुनी तलवार आहे, त्या किमतीला घ्या, आणि सरदार विकणाऱ्याकडेच राहू द्या.

घासणं-पुसणं: काही करू नका. पितांबरी नको, चिंच नको, रांगोळी नको, ब्रासो तर मुळीच नको. घासल्याने नावाचा काठ जातो, आणि नाव गेलं की उरते ती चांदीच्या भावाची चकती. धूळ मऊ ब्रशने झटका. रिबन मळकी, विरलेली असली तरी काढू नका. प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात ठेवली की काशावर हिरवा चिकट थर येतो, रबर बँडने चांदी काळी पडते. आम्लरहित कागद आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी पुरे. सनदा आणि डिस्चार्जचे कागद लॅमिनेट करायला नेऊ नका, सेलोटेप लावू नका.

आणि वही ठेवा. कुठे घेतलं, कुणाकडून, कधी, कितीला, सोबत काय होतं, विकणारा काय म्हणाला. शेवटची गोष्ट 'विकणाऱ्याचं म्हणणं' अशी वेगळी लिहायची, तुमची खात्री म्हणून नाही. संग्राहक गेल्यावर पोरं मेडल्स विकतात, तेव्हा वही नसली की सगळी ओळख पुन्हा शून्यावर येते. एका माणसाची तीन मेडल्स एकत्र असतील तर तीन गिऱ्हाइकांना विकू नका, भले जास्त पैसे येवोत.

कायदा थोडक्यात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची मेडल्स १९२० च्या आसपास वाटली गेली, म्हणजे तीही आता त्या वयात आली. परदेशातल्या संग्राहकाला कुरिअर करण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. परदेशी लिलावातून घेताना बोलीवर कमिशन, पोस्ट आणि कस्टम धरून हिशोब करा. तलवार-संगिनीच्या बाबतीत शस्त्र कायदा लागू होऊ शकतो, तेव्हा घेण्याआधी पोलिसांच्या परवाना शाखेत चौकशी करा. बंदूक, जिवंत काडतूस, न फुटलेला गोळा यांच्या वाटेला जाऊच नका. दुसऱ्याचं मेडल अंगावर लावून मिरवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. १९४७ नंतरची शौर्यपदकं मी घेत नाही. ती माणसं किंवा त्यांची बायका-मुलं अजून आहेत, आणि असं पदक बाजारात आलं तर ते चोरीचं असण्याची शक्यता मी आधी धरतो.

परत देण्याबद्दल मत विचारलंत म्हणून सांगतो. आधी माणूस पक्का करा: नंबर, पलटण, गाव, घर. या चारांपैकी दोन गोष्टी कागदावर जुळल्याशिवाय कुणाच्या दारात 'तुमच्या पणजोबांचं मेडल' म्हणून जाऊ नका. एकदा का त्या घराने ते देव्हाऱ्याशेजारी लावलं की 'चूक झाली, हे दुसऱ्याचं' म्हणणं फार वाईट. थेट घर गाठण्याऐवजी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून किंवा गावच्या माजी सैनिकांमार्फत निरोप द्या. घरच्यांनी मागितलं तर मी खरेदीच्या किमतीला देतो, घर गरीब असेल तर तसंच देतो. पण त्यांनीच ते विकलेलं असू शकतं, आणि तशी वेळ का आली हे विचारायचा आपल्याला हक्क नाही. काही घरं मेडल नको म्हणतात, फोटो आणि माहिती मागतात. तेव्हा कडेचे चारही बाजूंनी स्वच्छ फोटो, ग्रेव्ह्ज कमिशनची नोंद असेल तर तिची प्रत, आणि पलटण त्या वर्षी कुठे होती याचं एक पान मराठीत लिहून द्या.

तुमच्या जोडीपुरतं म्हणाल, तर आज रात्री दोन्ही नंबर ताडून बघा, मग ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत ११० आणि तो नंबर टाका. तिथे नाव निघालं नाही तर माणूस बहुतेक परत आला असं धरून पुढचं पत्र बेळगावला लिहा. विकणाऱ्याकडे पुन्हा गेलात तर कूटबद्दल वाद घालू नका, फक्त विचारा की त्या ढिगात चार टोकांचा, मागे नाव असलेला एखादा काशाचा तारा होता का.